मत, नकार आणि पनवेल तालुका

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची मानतात, आणि तिच्या या वडीलधारेपणाचा उल्लेख पनवेलकर पाहुण्यापुढे मोठ्या अभिमानाने करतात. परंतु १८५० च्या सव्विसाव्या कायद्याच्या आधारे उभ्या राहिलेल्या त्या काळच्या संस्थांत सामान्य रहिवाशाला मत नावाची वस्तू मुळीच नव्हती, हे सहसा कोणी सांगत नाही. गावातील प्रतिष्ठितांनी अर्ज करावा, सरकारने सभासद नेमावेत आणि त्यांनी दिवाबत्ती, रस्ते व झाडलोट यांचा बंदोबस्त ठेवावा, एवढाच तो कारभार होता. पुढे लॉर्ड रिपनने १८८२ साली स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला, १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांत लोकनियुक्त सभासदांना वाव मिळाला, तेव्हा मत आले खरे. पण ते मिळकतदारांच्या ओसरीवरच थांबले. राजकारणाचा उबग येऊन मत न देण्याची चैन करण्यासाठी आधी मत हाती असावे लागते, ही साधी गोष्ट आपल्या आजच्या वैतागात आपण विसरतो.

त्या चैनीचा पहिला मोठा प्रसंग १९२० साली आला. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी कौन्सिलाच्या निवडणुकीत मत दिले होते; परंतु कुलाबा जिल्ह्याच्या ग्रामीण भागात त्यासाठी किमान ३२ रुपये आकाराची जमीन लागत असे, आणि शेजारच्या रत्नागिरीत हीच मर्यादा १६ रुपयांवर आणलेली होती. लोकमान्यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये निवडणुका लढवण्याच्या हेतूने काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाची घोषणा केली, १ ऑगस्टला ते गेले, आणि काही महिन्यांतच काँग्रेसने असहकाराचा पंथ धरून कौन्सिलांवर बहिष्कार पुकारला. त्यानंतर फेरवादी आणि नाफेरवादी यांच्यात जो वाद माजला, त्यात कौन्सिलात शिरून सरकारला आतून अडवावे की त्या वास्तूची पायरीच चढू नये, या प्रश्नाचा बुद्धीने कीस काढण्यात आला. तो वाद आजही वाचनीय आहे. मात्र दुसऱ्याच्या शेतावर राबणारे कूळ, खाडीकाठच्या मिठागरात उन्हाने काळवंडलेला आगरी आणि डोंगराच्या कडेने झोपडी घालणारा कातकरी यांच्यापाशी नाकारण्यासारखे काही नव्हतेच. बत्तीस रुपयांच्या उंबरठ्याआतल्या मंडळींचा तो रुसवा होता, असे म्हटले तर फारसे अन्यायाचे होऊ नये.

१९३० साली मात्र हे चित्र पालटले. काँग्रेसने त्या वर्षीच्याही निवडणुकांवर बहिष्कार घातला होता. पण या वेळी नकार घरात बसून राहिला नाही. उरण तेव्हा पनवेल तालुक्याचाच महाल होता, आणि त्या महालातील चिरनेरच्या अक्कादेवीच्या रानात २५ सप्टेंबर १९३० रोजी आसपासच्या गावांतील हजारो माणसे जंगलचा कायदा मोडण्यासाठी जमली. राखीव जंगलातल्या लाकडावर आणि गवतावर सरकारने घातलेला निर्बंध ज्यांना रोजच्या चुलीपाशी जाचत होता, अशी ती माणसे होती. मताधिकाराच्या यादीत त्यांतल्या फारच थोड्यांची नावे असावीत. पोलिसांनी गोळीबार केला, आठ सत्याग्रही प्राणाला मुकले, आणि त्याच धुमश्चक्रीत पनवेलचे मामलेदार जोशी हेही मृत्युमुखी पडले. बहिष्कार या शब्दाला येथे जो भारदस्तपणा आला, तो मतपेटीकडे पाठ फिरवल्याने आलेला नव्हता. पाठ फिरवून माणसे गेली कोठे, यावरून तो आला.

प्रौढ मताधिकारानंतर हीच गावे मतदानाला जाऊ लागली, आणि त्यांनी दीर्घकाळ शेतकरी कामगार पक्षाला साथ दिली. जासईचे दि. बा. पाटील संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, १९५७ साली, विधानसभेवर गेले आणि एकूण पाच वेळा आमदार झाले. १९७० साली सिडको आली, नव्या मुंबईसाठी भातशेती आणि मिठागरे संपादन होऊ लागली, आणि भावाचा तंटा अर्ज, मोर्चे व वाटाघाटी यांतून वर्षानुवर्षे रेंगाळला. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासई परिसरात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी बळी गेले. राज्यसंस्थेवरचा विश्वास उडावा, मतदानाच्या दिवशी दार लावून घ्यावे, याला याहून सबळ कारण कोणते असू शकते? पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या सहानुभूतीच्या लाटेत महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या असताना, कुलाबा मतदारसंघाने दि. बां.ना लोकसभेवर पाठवले. संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व पुढे मान्य झाले, ते मुख्यतः रस्त्यावरच्या लढ्याने. मताचे श्रेय त्यात दुय्यमच मानावे लागेल. तरीही या माणसांनी मत टाकून दिले नाही. सरकारवर श्रद्धा असली तरच मत द्यावे, असा त्यांचा समजच नसावा.

आताचे पनवेल निराळे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झाली, मे २०१७ मध्ये ७८ जागांची पहिली निवडणूक झाली, आणि जुलै २०२२ मध्ये मुदत संपल्यावर १५ जानेवारी २०२६ च्या मतदानापर्यंत प्रशासकाचा अंमल राहिला. त्या साडेतीन वर्षांत मत देणारा आणि न देणारा दोघेही सारखेच होते. मालमत्ता कराचे देयक दोघांच्याही दारी येत होते. ‘सगळे सारखेच, कोणाला द्यायचे?’ हा प्रश्न खारघर-कामोठ्याच्या इमारतींत ऐकू येतो, आणि तो अगदी निराधार आहे असे मला म्हणवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ च्या निकालाने ‘नोटा’ची कळ दिली, पण विधानसभेला तिचे बळ एवढेच की २०१९ साली लातूर ग्रामीणमध्ये ती दुसऱ्या क्रमांकावर आली आणि विजयी उमेदवाराचे काही बिघडले नाही. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली स्थानिक निवडणुकांपुरते तिला काल्पनिक उमेदवार मानून, ती सर्वांत पुढे गेल्यास फेरनिवडणूक घेण्याचे ठरवले, हे त्यातल्या त्यात धाडसाचे. मात्र जागा बिनविरोध झाली की त्या जागेपुरती ती कळही उरत नाही, आणि जानेवारीच्या निवडणुकीत राज्यात अशा जागा काही कमी नव्हत्या.

खारघरचा मतदार रुसून घरी बसतो, तेव्हा त्याच्या रुसव्याला ना अक्कादेवीचे रान असते, ना जासईचा लढा. त्याच्यापाशी फार तर गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा असते, आणि तीही बहुधा गणपूर्तीअभावी अर्धा तास तहकूब होऊन मग भरते.