झाकलेली बाटली

गेल्या हिवाळ्यात नाशिकला एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याने चार बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर मांडल्या. चारही रेड वाईन. ‘मास्तर, वीसपैकी गुण द्या,’ म्हणाला. उभी हयात इतिहासाचे पेपर तपासण्यात गेलेली, त्यामुळे मीही ऐटीत गुण दिले. सर्वांत जास्त गुण मिळवणारी वाईन फ्रान्सचीच, हेही ठासून सांगितले. कागद निघाला तेव्हा कळले, ती दिंडोरीच्या द्राक्षांची होती! फ्रेंच बाटली माझ्याकडून काठावर पास झाली होती.

मंडळी, मला वाईनचा प्रचार करायचा नाही. सांगायची आहे ती परीक्षेची गोष्ट. कारण माझ्यापेक्षा कितीतरी जाणकार माणसे एकदा अशीच फसली होती आणि त्यातून इतिहास घडला.

फ्रान्समधल्या बोर्दो भागाच्या वाईनची प्रतवारी १८५५ साली झाली. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात पॅरिसला मोठे प्रदर्शन भरले, त्यासाठी दलालांनी यादी केली. गंमत पाहा, ती मुख्यतः बाजारभावावरून केली. ज्याचा भाव चढा, तो पहिल्या श्रेणीत! पुढे शंभराहून अधिक वर्षे ही यादी जवळजवळ तशीच राहिली. दुसऱ्या श्रेणीतून पहिलीत बढती मिळाली ती फक्त ‘मूटाँ रॉथशिल्ड’ला, १९७३ साली.

तिकडे अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्याला तेव्हा युरोपात कोणी विचारत नव्हते. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात तिथला वाईनचा धंदा पार बसला होता. साठच्या दशकात काही हौशी माणसे पुन्हा द्राक्षमळ्यांकडे वळली. वॉरेन विनियार्स्की हे त्यांपैकी एक. शिकागो विद्यापीठातले अध्यापन सोडून ते १९६४ साली कुटुंबासह नापाला आले आणि १९७० मध्ये त्यांनी स्वतःचा मळा घेतला.

पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाचा इंग्रज वाईनचे दुकान आणि वाईनची शाळा चालवत होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे होत होती. ते निमित्त साधून त्याने आणि त्याची सहकारी पॅट्रिशिया गॅलगर हिने २४ मे १९७६ रोजी एका हॉटेलात चव-परीक्षा ठेवली. परीक्षक नऊ, सगळे फ्रेंच, सगळे नामांकित. रेड वाईन दहा. सहा कॅलिफोर्नियाच्या, चार बोर्दोच्या. कोणत्या पेल्यात काय आहे, हे कोणालाच सांगितले नव्हते. प्रत्येकाने वीसपैकी गुण द्यायचे.

आधी व्हाईट वाईन झाल्या. एका परीक्षकाने घोट घेतला आणि आता कुठे फ्रान्सला परतलो, असा सुस्कारा सोडला. त्याच्या पेल्यात होती नापाची वाईन! पहिला क्रमांकही नापाच्याच ‘शातो मॉन्टेलिना’ला मिळाला. हा निकाल रेडच्या आधीच जाहीर झाल्याने परीक्षक सावध झाले. रेडमध्ये तरी फ्रान्सचा मान राखायचा, असा त्यांचा निर्धार दिसत होता. पण ओळखायचे कसे? बेरीज झाली आणि विनियार्स्कींच्या ‘स्टॅग्ज लीप वाईन सेलर्स’ची १९७३ सालची वाईन १२७.५ गुणांनी पहिली आली. दुसरी मूटाँ रॉथशिल्ड, १२६ गुण. विजय अवघ्या दीड गुणाचा, तोही तीन वर्षांच्या कोवळ्या वेलींच्या द्राक्षांचा!

ओदेत कान या संपादक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियरने ती दिली नाही. हजर असलेला पत्रकार एकच, ‘टाइम’ साप्ताहिकाचा जॉर्ज टेबर. त्याच्या छोट्याशा बातमीने नापाचे नाव जगभर झाले.

टीका झाली, आणि ती सगळी खोटी नव्हती. दीड गुणाचा फरक तो काय? आणि बोर्दोची वाईन मुरायला वेळ लागतो, असेही म्हटले गेले. मग तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच जुन्या रेड वाईन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाने घेतले.

नाशिकहून परतताना मला हसू येत होते, पण ते टिकले नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत आम्ही आसन क्रमांक पाहून पेपर तपासत असू. वर्गातल्या चाचणीत मात्र उत्तरपत्रिकेवर नाव असे. हुशार म्हणून गाजलेल्या मुलाचे अपुरे उत्तर मी मनातल्या मनात पुरे करून घेई. मागच्या बाकावरच्या, खेड्यातून आलेल्या मुलाने तेच लिहिले, तर ‘त्रोटक’ असा शेरा मारी. त्या परीक्षकांनी बाटलीवर चिठ्ठी पाहिली असती, तर त्यांनी तरी दुसरे काय केले असते? त्यांच्या बाटल्या कोणीतरी झाकल्या होत्या. माझ्या उत्तरपत्रिकांवरची नावे मला स्वतःलाच झाकता आली असती. एक कोरा कागद पुरला असता.