ऑप्शनल (स्विफ्ट)

ऑप्शनल हा स्विफ्ट या प्रोग्रामिंग भाषेतील एक प्रकार असून एखादे मूल्य उपलब्ध नसण्याची शक्यता त्याद्वारे नोंदवली जाते. या प्रकारच्या चलात एक तर निश्चित मूल्य असते, किंवा मूल्याचा अभाव दर्शवणारे 'निल' असते. स्विफ्ट भाषा ॲपल कंपनीने जून २०१४ मध्ये जाहीर केली.

पार्श्वभूमी

टोनी होर यांनी १९६५ मध्ये अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी रिक्त संदर्भाची कल्पना योजली. पुढे अनेक भाषांनी ती स्वीकारली. मात्र रिक्त संदर्भ न तपासता वापरल्यास प्रोग्राम चालू असतानाच बंद पडतो. होर यांनी २००९ मध्ये या कल्पनेला स्वतःची अब्ज डॉलरची चूक म्हटले. स्विफ्टमध्ये ऑप्शनल म्हणून घोषित न केलेल्या चलात निल ठेवता येत नाही. ही तपासणी कंपायलर करतो.

आरंभीकरण

स्ट्रक्ट किंवा क्लासची नवी प्रत तयार होताना तिच्या प्रत्येक साठवलेल्या घटकाला आरंभीचे मूल्य मिळणे बंधनकारक असते. प्रकारापुढे '?' लावून 'व्हार'ने घोषित केलेल्या घटकाला मूल्य न दिल्यास तो आपोआप निल होतो. अत्यावश्यक माहितीच नसेल, तर प्रतीऐवजी निल देणारा 'इनिट?' हा आरंभक वापरतात. '??' या चिन्हाने निलच्या जागी दुसरे मूल्य योजता येते.

उदाहरण

गिरगावातील सार्वजनिक गणेशोत्सवांच्या सूचीत नाव हा आवश्यक घटक आणि आरंभवर्ष हा ऑप्शनल पूर्णांक ठेवता येतो. केशवजी नाईक चाळीतील उत्सवाचे आरंभवर्ष १८९३ आहे. ज्या उत्सवाचे वर्ष ज्ञात नाही, त्यापुढे शून्य भरल्यास वर्षानुक्रमे लावलेल्या सूचीत तो सर्वांत जुना ठरतो. निल ठेवल्यास वर्ष वापरण्यापूर्वी त्याच्या अभावाचा विचार करणे भाग पडते.

देवनागरी अंक

मजकुरापासून पूर्णांक बनवणारा 'इंट'चा आरंभक केवळ इंग्रजी अंक ओळखतो. त्यामुळे '१८९३' हे वर्ष देवनागरीत दिल्यास निल मिळते. येथे माहिती असते, पण ती वाचली जात नाही, '??' वापरून शून्य योजल्यास हा दोष झाकला जातो. 'कॅरेक्टर' प्रकाराचा 'होलनंबरव्हॅल्यू' हा गुणधर्म देवनागरी अंकाचेही मूल्य देतो. त्यामुळे एकेक अंक वाचून संख्या तयार करता येते. रिकामी नोंद आणि वाचता न आलेली नोंद यांत भेद राखण्यासाठी दुसऱ्या स्थितीत निलऐवजी त्रुटी कळवणारा 'थ्रोज' प्रकारचा आरंभक योजता येतो.