डॉज सिटी : आर्कान्सा नदीकाठचे माळावरचे शहर
रॉकी पर्वतात उगम पावणारी आर्कान्सा नदी अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात शिरते तेव्हा तिचे पात्र उथळ आणि वाळूचे होते. तिच्या काठी, सुमारे ७६० मीटर उंचीच्या सपाट माळावर डॉज सिटी वसले आहे. १०० अंश पश्चिम रेखांश येथूनच जातो. त्याच्या पश्चिमेला नुसत्या पावसाच्या भरवशावर शेती करणे जोखमीचे. नदीकाठ सोडला तर झाडे विरळ आणि गवत मात्र क्षितिजापर्यंत.

या गवतावर बायसनचे प्रचंड कळप चरत आणि त्यांच्या मागे शायेन, कोमांची, कायोवा या जमाती फिरत. १८२१पासून सांता फेकडे जाणारा व्यापारी मार्ग नदीच्या कडेने सुरू झाला, कारण माल ओढणाऱ्या बैलांना व खेचरांना पाणी तिथेच मिळे. या मार्गाच्या रक्षणासाठी १८६५ मध्ये फोर्ट डॉज हा लष्करी तळ उभारला गेला. तळाच्या हद्दीत दारूबंदी होती. म्हणून १८७२च्या जूनमध्ये जॉर्ज हूव्हर याने हद्दीबाहेर तंबू ठोकला आणि मातीच्या ढेपांवर फळी टाकून व्हिस्की विकायला सुरुवात केली. गावाचा हा पहिला धंदा.

त्याच वर्षी रेल्वे आली आणि बायसनच्या कातड्यांच्या राशी पूर्वेकडे जाऊ लागल्या. काही वर्षांतच कळप संपले. मग टेक्सासहून हाकत आणलेली लांब शिंगांची गुरे येथे आगगाडीत चढू लागली. ही गुरे स्वतः धडधाकट दिसत, पण त्यांच्या अंगावरच्या गोचिडांमुळे स्थानिक जनावरे तापाने मरत. शेतकऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि १८८५ मध्ये कॅन्ससने टेक्सासच्या गुरांना बंदी केली. जानेवारी १८८६च्या हिमवादळात उरलीसुरली जनावरेही मोठ्या संख्येने दगावली.

त्यानंतर माळ नांगरून गव्हाची लागवड वाढली. माती धरून ठेवणारी गवताची मुळे गेल्यामुळे १९३०च्या दशकातील दुष्काळात धुळीची वादळे उठली. १४ एप्रिल १९३५च्या वादळाने भरदिवसा अंधार केला. दुसऱ्या महायुद्धानंतर खोल विहिरींतून ओगलाला भूजलसाठ्याचे पाणी उपसले जाऊ लागले. त्यावर मका पिकला, मक्यावर गुरे पोसली गेली आणि मांसप्रक्रियेचे मोठे कारखाने आले. त्यांत काम करण्यासाठी मेक्सिको व मध्य अमेरिकेतून कुटुंबे येऊन स्थायिक झाली. २०२०च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २८,००० होती.

या वाढीची किंमत नदीने मोजली. कोलोरॅडोतील धरण व कालवे आणि भूजलाचा उपसा यांमुळे शहराजवळचे पात्र आता बहुतेक काळ कोरडे असते. गवत आणि कळप यांच्यासारखाच भूजलाचा साठाही भरून येण्यापेक्षा वेगाने वापरला जात आहे.