तळटीप : ‘डावी टाकी भरलेली, उजवी अर्धी’
* एका पंखात इंधन जास्त, दुसऱ्यात कमी, हे उंच पंखांच्या हलक्या विमानांत नेहमीचेच. तिथे पेट्रोल बहुधा स्वतःच्या वजनाने इंजिनाकडे उतरते. एखाद्या गच्चीवर दोन टाक्या खालून नळीने जोडल्या की पाणी समपातळीला येते. पण गच्ची हलत नाही. विमान जरासे तिरके घसरत उडत राहिले तर पेट्रोल खालच्या पंखाकडे वाहते. टाक्यांच्या हवानळ्याही कारणीभूत ठरतात : दोन्हींतल्या दाबात अवघ्या १ मिलिबारचा फरक पडला तरी पातळीत सुमारे १.४ सेंटिमीटर तफावत येते, आणि पंखातल्या पसरट, उथळ टाकीत तेवढ्याने काही लिटर इकडचे तिकडे होतात. २० लिटर म्हणजे साधारण १४ किलो. वजन सावरता येते. खरी भीती वेगळी. रिकाम्या टाकीतून हवा ओढली गेली तर दुसरीत पेट्रोल असूनही इंजिन बंद पडू शकते. मुंबईच्या आरोही पंडित यांनी मे २०१९ मध्ये ‘माही’ या सायनस ९१२ विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला. त्या थंडगार पाण्यावर दोन टाक्यांची नुसती बेरीज पाहून वैमानिकाचे भागत नाही, प्रत्येक पातळी स्वतंत्रपणे पाहावी लागते. — संपादक