चूक कोणाची, भार कोणावर? अपघात-भरपाईच्या कायद्याचा प्रवास

१/
चिपळूणचा बहादूरशेख नाका. मुंबई-गोवा महामार्ग आणि गुहागर-कराड रस्ता येथे एकमेकांस भेटतात. अशा नाक्यावर पादचाऱ्यास वाहनाची धडक बसली, की दोन प्रश्न उभे राहतात. चूक कोणाची? आणि नुकसान कोणी भरून द्यायचे? हे दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे व्हायला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. त्याचा हा इतिहास.

२/
जुन्या इंग्रजी कायद्यात जखमी माणूस भरपाई मागू शकत असे. मृताच्या कुटुंबाला मात्र तो हक्क नव्हता. १८०८ च्या बेकर विरुद्ध बोल्टन या खटल्यात घोडागाडी उलटून पत्नी दगावली. पतीला तिच्या मृत्यूच्या क्षणापर्यंतचेच नुकसान मागता आले. म्हणजे माणूस जखमी होणे महाग, मरणे स्वस्त!

३/
ब्रिटनने १८४६ साली ही उणीव दूर केली. हिंदुस्थानात १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा आला आणि मृताची पत्नी वा पती, आईवडील व मुले यांना दाद मागण्याचा मार्ग खुला झाला. अट एकच: समोरच्याचा दोष सिद्ध करायचा.

४/
पुढे मोटारी आल्या. खटला जिंकूनही मालकाकडे पैसा नसेल, तर निकालाचा उपयोग काय? १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा ठरवला. ही सक्ती प्रत्यक्षात १ जुलै १९४६ पासून लागू झाली. १९५६ च्या दुरुस्तीने दिवाणी न्यायालयाऐवजी स्वतंत्र दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली.

५/
तरीही दोषाची अट कायम होती. मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की निष्काळजीपणा सिद्ध झाल्याखेरीज मालक वा विमा कंपनी देणे लागत नाही. साक्षीदार नसलेल्या कुटुंबाने काय करावे?

६/
उत्तर संसदेने १९८२ साली दिले. नवे कलम ९२-अ आले: मृत्यूस १५,००० आणि कायमच्या अपंगत्वास ७,५०० रुपये, कोणाचाही दोष सिद्ध न करता. मृताची स्वतःची चूक असली, तरी ही रक्कम नाकारता वा कमी करता येणार नव्हती.

७/
या कलमाची कसोटी लागली ती सातारा जिल्ह्यात. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला पोहोचले, की पुणे-बंगळूर महामार्ग लागतो. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे तीनच्या सुमारास याच महामार्गावर कवठे गावाजवळ पेट्रोलचा टँकर ट्रकला धडकून रस्त्याखाली उलटला. पेट्रोल गळू लागले, लोक जमले. सुमारे चार तासांनी स्फोट झाला आणि जमलेली माणसे आगीत सापडली.

८/
मृतांपैकी एका तरुणाच्या आईने १५,००० रुपयांसाठी अर्ज केला. न्यायाधिकरणाने तो फेटाळला: स्फोट ही टकरीहून वेगळी घटना आहे, वाहनाच्या वापरातून ती उद्भवलेली नाही! आई उच्च न्यायालयात गेली, तेथे जिंकली. मग टँकरच्या बाजूने सर्वोच्च न्यायालय गाठले.

९/
१९९१ साली निकाल आईच्या बाजूने लागला. अपघाताने वा बिघाडाने निश्चल पडलेले वाहनही ‘वापरात’ असते, असे न्यायालयाने म्हटले. ‘वापरातून उद्भवलेला’ अपघात म्हणजे केवळ धडक नव्हे. टक्कर, गळती आणि स्फोट यांची साखळी एकच. पंधरा हजारांच्या या लढ्याने देशभरच्या दाव्यांना आधार मिळवून दिला.

१०/
१ एप्रिल २०२२ पासून दोष सिद्ध न करता मिळणारी रक्कम मृत्यूस ५ लाख आणि गंभीर दुखापतीस अडीच लाख आहे. धडक देऊन पसार झालेल्या, न सापडणाऱ्या वाहनाने मृत्यू ओढवल्यास २ लाख. १९८२ साली ही रक्कम ५,००० होती.

११/
याहून अधिक, म्हणजे बुडालेल्या मिळकतीच्या प्रमाणात भरपाई हवी असेल, तर आजही चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. पादचाऱ्याची चूक ठरल्यास तेवढी रक्कम घटते. म्हणूनच पोलिसांचा पंचनामा मोलाचा. अर्जाची मुदत सहा महिने. तो अपघातस्थळी किंवा अर्जदार राहतो तेथे करता येतो. त्यामुळे चिपळूणच्या नाक्यावर घरचा माणूस गमावलेल्या चाकरमान्याला मुंबईतूनही दाद मागता येते.