रंगो बापूजी गेले कुठे?



१८३९ साली इंग्रजांनी साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथं कितीतरी वर्षं झगडले. १८४७ साली महाराज काशीतच वारले. रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परतले. १८५७ साली साताऱ्यात उठावाचा बेत त्यांनी आखला, पण तो फुटला. धरपकड सुरू झाली आणि उतारवयातले रंगो बापूजी नाहीसे झाले, ते कायमचेच.

मग तर्क सुरू झाले. वेष पालटून निसटले? कुणी दगा दिला? कुणी लपवलं? कशालाच पुरावा नाही. पुरावा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना ठार केलं. कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी दिलं. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. त्या घरांतल्या बायकांनी पुढचे दिवस कसे काढले असतील, हे मात्र कुणी विचारत नाही.

तर्काला धार असते, बायांनो. २०२२ साली सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, पंढरपूरकडे निघालेल्या चार साधूंना मुलं पळवणारे समजून लोकांनी मारलं. त्यांनी फक्त वाट विचारली होती.

म्हणून गावातलं म्हातारं माणूस दिसेनासं झालं, तर पारावर तर्क लढवू नका. लगेच ११२ ला फोन करा, पोलिसांत नोंद करा. कुणाचं नाव घेण्याआधी विचारा, बघितलंय कुणी?