न जळणारा वायू, जळालेल्या वायुनौका

दिवाळीत ठाण्याच्या तलावपाळीवर मुले फुग्यासाठी हट्ट धरतात, तेव्हा त्यात कोणता वायू आहे हे सहसा कोणी विचारीत नाही. हायड्रोजन असेल तर ठिणगी लागताच भडका. हेलियम असेल तर तो जळतच नाही. एवढ्याच फरकापायी एके काळी माणसांनी भरलेल्या वायुनौका भस्मसात झाल्या.

या हेलियमची पहिली चाहूल आपल्याच मुलखात लागली. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाची छाया कोकणातून पूर्वेकडे सरकली. विजयदुर्गावर लॉकियर या इंग्रजाने हेलियम शोधला असे सांगतात, ‘साहेबाचे ओटे’ही दाखवितात. परंतु लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता! सूर्यज्वाळांचा वर्णपट पाहिला तो पटवर्धनांच्या जमखंडीत लेफ्टनंट हर्शेल याने आणि गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने. त्यातली पिवळी रेघ सोडियमच्या रेघांशी जुळत नाही, हे लॉकियरला मायदेशी ऑक्टोबरात दिसले. सूर्याच्या ग्रीक नावावरून या नव्या द्रव्याला हेलियम म्हटले गेले. पृथ्वीवर ते १८९५ साली रॅम्झेला सापडले.

घनमीटरभर हायड्रोजन सुमारे १.१ किलो भार उचलतो, हेलियम सुमारे १ किलो. तफावत थोडी, पण हेलियम दुर्मीळ, महाग, आणि त्याचे मोठे साठे अमेरिकेच्या भूगर्भात. इंग्रजांनी म्हणून आपल्या ‘आर-१०१’ वायुनौकेत हायड्रोजनच भरला. ती निघाली होती कराचीला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात. तिच्यासाठी तेथे अजस्र निवारा बांधून तयार होता. ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे फ्रान्समध्ये ती कोसळली, पेटली, आणि ५४ पैकी ४८ जण गेले.

जर्मनांनी ‘हिंडेनबर्ग’ हेलियमसाठी आखली होती. अमेरिकेच्या कायद्याने तो परदेशी विकण्यास बंदी होती. तेव्हा त्यांनीही हायड्रोजन भरला. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेतच, लेकहर्स्टला उतरताना ती पेटली. ३६ जीव गेले.

आजच्या वायुनौका हेलियमवर तरंगतात. त्या काळीही न जळणारा वायू ठाऊक होता. पण एकापाशी साठा होता नि दुसऱ्यापाशी घाई. मधल्या मध्ये होरपळली ती माणसे.